नियमांसाठी झुंजलेले लोकप्रतिनिधी : जॉर्ज नॉरिस

विद्यार्थी मित्रहो, विधिमंडळात कोणता विषय चर्चेला यावा आणि कोणता येऊ नये, हे ठरवतो कोण, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय? प्रश्न रुक्ष वाटेल. परंतु ज्याच्या हाती नियम, त्याच्याच हाती निर्णय असतो. अमेरिकेतील एका शेतकऱ्याच्या मुलाने हे ओळखले आणि त्यासाठी आयुष्य वेचले. त्यांचे नाव जॉर्ज विल्यम नॉरिस.

ओहायो राज्यात ११ जुलै १८६१ रोजी त्यांचा जन्म झाला. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले; थोरला भाऊ यादवी युद्धात कामी आला. आईने शेती सांभाळून मुलांना वाढवले. जॉर्जनी शेतात राबत, शाळेत शिकवत १८८३ साली कायद्याची पदवी मिळवली. पुढे ते नेब्रास्का राज्यात स्थायिक झाले, जिल्हा न्यायाधीश झाले आणि १९०३ मध्ये रिपब्लिकन पक्षातर्फे प्रतिनिधिगृहात दाखल झाले.

तेथे सभापती जोसेफ कॅनन यांचा एकछत्री अंमल होता. पाच जणांच्या नियम समितीचे अध्यक्ष तेच; सर्व समित्यांवरील नेमणुकाही तेच करीत. त्यांच्या मर्जीबाहेरचे विधेयक सभागृहापुढे येणे दुरापास्त होते. कॅनन नॉरिस यांच्याच पक्षाचे होते, हे लक्षात घ्या. तरीही १७ मार्च १९१० रोजी, सभागृहाने आपले नियम स्वतः करावेत या घटनेतील तरतुदीचा आधार घेऊन नॉरिस यांनी ठराव मांडला. वाद रात्रभर चालला. १९ मार्चला १९१ विरुद्ध १५६ मतांनी ठराव संमत झाला. नियम समिती दहा जणांची झाली, ती सभागृहाने निवडायची आणि सभापतींना तीत स्थान नाही, असे ठरले. लगेच कॅनन यांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा नॉरिस यांनी त्याच्या विरुद्ध मत दिले! त्यांचे भांडण व्यक्तीशी नव्हते, पद्धतीशी होते.

१९१३ साली ते सिनेटमध्ये गेले. १९१७ मध्ये व्यापारी जहाजांवर शस्त्रे बसवण्याच्या विधेयकाविरुद्ध त्यांनी व इतर काही सदस्यांनी अधिवेशन संपेपर्यंत चर्चा लांबवली. देशभर संताप उसळला आणि चारच दिवसांत, दोन तृतीयांश मतांनी चर्चा थांबवता येईल, असा नियम सिनेटने प्रथमच केला. महिन्याभरात युद्धाच्या ठरावाला विरोध करणाऱ्या सहा सिनेटरांत नॉरिस होते. त्यांच्यावर टीकेची झोड उठली, तरी १९१८ मध्ये मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले.

१९३० साली अध्यक्ष हूवर यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी न्यायमूर्ती जॉन पार्कर यांचे नाव सुचवले. कामगार संघटनेत जाणार नाही, असे कामगाराकडून लिहून घेणाऱ्या कराराला पुष्टी देणारा निकाल पार्कर यांनी दिला होता. कृष्णवर्णीयांच्या राजकीय सहभागाविरुद्धही ते पूर्वी बोलले होते. नॉरिस सिनेटच्या न्याय समितीचे प्रमुख आणि अध्यक्षांच्याच पक्षाचे. तरी त्यांनी विरोध केला. ३९ विरुद्ध ४१ मतांनी नेमणूक फेटाळली गेली. दोनच वर्षांनी नॉरिस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने तसे करार निष्प्रभ केले.

त्यांच्याच प्रयत्नांनी नेब्रास्कात १९३७ पासून एकाच सभागृहाचे, पक्षचिन्हाविना निवडले जाणारे विधिमंडळ सुरू झाले. १९४२ मध्ये ते पराभूत झाले आणि २ सप्टेंबर १९४४ रोजी मॅककुक गावी निवर्तले.

तो वाद मात्र संपला नाही. न्यायाधीशांच्या नेमणुकांवरील चर्चा साध्या बहुमताने थांबवण्याची वाट २०१३ मध्ये डेमोक्रॅटांनी कनिष्ठ न्यायालयांपुरती खुली केली. २०१७ मध्ये रिपब्लिकनांनी ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली. बहुमतात असताना जो नियम अडसर वाटतो, तोच अल्पमतात गेल्यावर ढाल वाटतो!

पालकहो, आपल्या जमातीच्या, मोहल्ल्याच्या आणि शिक्षणसंस्थांच्या सभांतही हेच घडते. मुलांना पदवीबरोबर संस्थेची घटना वाचायलाही शिकवा. मित्रहो, नियम आपल्या माणसाच्या सोयीचा आहे की सर्वांच्या न्यायाचा, एवढे विचारण्याचे धैर्य तुमच्या अंगी आले, तर तुमच्या शिक्षणाचे सार्थक झाले असे समजा.