बाळू पालवणकर

बाळू बाबाजी पालवणकर (१९ मार्च १८७६, धारवाड – ४ जुलै १९५५, मुंबई) हे डावखुरे मंदगती गोलंदाज होते. चांभार समाजात जन्मलेल्या बाळूंची गणना भारतीय क्रिकेटच्या पहिल्या पिढीतील थोर गोलंदाजांत होते. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे धाकटे बंधूही नामांकित खेळाडू होते.

पुण्यात पारशी मंडळींच्या क्लबात महिना तीन रुपयांवर ते मैदानाची झाडलोट करीत व खेळपट्टीवर रूळ फिरवीत. पुढे ते इंग्रजांच्या पूना क्लबात गेले. तेथे जे. जी. ग्रेग या निष्णात फलंदाजाला सरावासाठी गोलंदाजी करता करता त्यांचा हात तयार झाला. फलंदाजीची संधी मात्र त्यांना क्वचितच मिळे. पुण्याच्या हिंदू संघाने बऱ्याच वादानंतर त्यांना घेतले. मैदानावर सर्व जण एकाच चेंडूला हात लावीत, पण चहाच्या वेळी बाळूंना तंबूबाहेर मातीच्या वेगळ्या पात्रात चहा दिला जाई. मुंबईस आल्यावर ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्या संघात ते होते.

१९११ चा इंग्लंड दौरा हा त्यांच्या कारकिर्दीचा कळस होय. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग संघनायक होते, तथापि त्यांचे लक्ष खेळापेक्षा समारंभांकडे अधिक राहिले. २३ सामन्यांपैकी संघाने केवळ ६ जिंकले व १५ गमावले. अशा दुबळ्या संघातून बाळूंनी ११४ बळी मिळविले; केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात १०३ धावांत ८ गडी बाद केले. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला.

एवढे होऊनही हिंदू संघाचे नेतृत्व त्यांना कधीच मिळाले नाही. याचे कारण खेळात नव्हे, जातीत होते. १९२० साली संघनायक एम. डी. पै आजारी पडले आणि ती धुरा दि. ब. देवधरांकडे गेली. बाळूंना तर संघातूनच वगळले होते. याच्या निषेधार्थ विठ्ठल व शिवराम संघाबाहेर पडले. अखेर तडजोड होऊन बाळूंना उपनायक करण्यात आले, आणि पै काही काळ मैदान सोडून गेल्याने संघाची सूत्रे तेवढ्यापुरती बाळूंच्या हाती आली. १९२३ मध्ये विठ्ठल संघनायक झाले व त्या वर्षी हिंदू संघ विजयी ठरला.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत बाळूंच्या नावावर १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी आहेत. मात्र या नोंदी सुरू होतात तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते. पुण्या-मुंबईतील उमेदीची वर्षे त्यांत आलेली नाहीत.

पुढे ते राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारास त्यांनी पाठिंबा दिला. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे केले. तरुणपणी बाळूंविषयी अभिमान बाळगणाऱ्या आंबेडकरांनी ही लढत सुमारे दोन हजार मतांनी जिंकली.