एका लॅपटॉपमध्ये अनेक कॉम्प्युटर: ॲलन ट्युरिंगची गोष्ट

आज अशा माणसाची गोष्ट सांगतो, ज्याची एक कल्पना तुम्ही रोज खिशात घेऊन फिरता. पण सुरुवात आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटपासून करतो, कारण या माणसाचं मोठेपण मला तिथेच कळलं.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी ओळखीतल्या एकांसाठी छोटी वेबसाइट बनवली होती. शेतकऱ्याने नाव, गाव आणि कापूस किती क्विंटल ते भरायचं आणि सबमिट दाबायचं, बस. माझ्या लॅपटॉपवर क्रोममध्ये सगळं झकास चाललं. दोन दिवसांनी फोन आला. समुद्रपूर तालुक्यातून एक काका एसटीने आले होते. नेट कॅफेत बसून त्यांनी सगळा फॉर्म भरला, सबमिट दाबलं, आणि काहीच झालं नाही. एरर नाही, मेसेज नाही. भाडं गेलं, दिवस गेला, काका तसेच परत गेले. त्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ होतं आणि त्यात इंटरनेट एक्सप्लोरर ११. चूक माझीच होती. मी दुसऱ्या कुठल्या मशीनवर तपासलंच नव्हतं.

आता विंडोज ७ वाला कॉम्प्युटर आणायचा कुठून? एका सीनियरने व्हर्च्युअलबॉक्स टाकायला सांगितलं. वेबसाइट तपासणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्ट तेव्हा जुन्या विंडोजच्या तयार फाइल्स फुकट द्यायची, ९० दिवस चालणाऱ्या. रात्रभर एक डाउनलोड केली. सकाळी माझ्या लिनक्सच्या स्क्रीनवर एका चौकटीत विंडोज ७ सुरू होत होतं, जणू लॅपटॉपच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. मी बघतच राहिलो. एक यंत्र दुसरं यंत्र कसं काय होऊ शकतं?

या प्रश्नाचं उत्तर १९३६ साली ट्युरिंगने दिलं होतं, तेही कॉम्प्युटर नावाची वस्तू अस्तित्वात नसताना.

ॲलन ट्युरिंगचा जन्म २३ जून १९१२ चा, लंडनमधला. वडील मद्रास प्रांतात आयसीएस अधिकारी होते, आईचा जन्मही भारतातलाच. मुलं लहान असतानाच आईवडील पुन्हा भारतात आले आणि ॲलन व त्याचा भाऊ इंग्लंडमध्ये एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी वाढले. १९२६ मध्ये नव्या शाळेत जायच्या दिवशीच देशभर संप होता, गाड्या बंद. तेरा वर्षांचा हा मुलगा जवळपास १०० किलोमीटर सायकल मारत शाळेत पोहोचला. पुढे केंब्रिजला गणित शिकला आणि २२ व्या वर्षी किंग्ज कॉलेजचा फेलो झाला.

त्या काळी गणितात एक मोठा प्रश्न गाजत होता. कोणतंही गणिती विधान दिलं, तर ते सिद्ध होतं की नाही हे ठराविक पायऱ्यांनी, डोकं न वापरता ठरवता येईल का? उत्तर नाही असं आहे. पण ते सिद्ध करायला आधी डोकं न वापरता म्हणजे नेमकं काय, हे पक्कं करावं लागतं. त्यासाठी ट्युरिंगने एक काल्पनिक यंत्र मांडलं.

एक न संपणारी कागदी पट्टी, तिच्यावर चौकटी. यंत्र एका वेळी एकच चौकट पाहतं, चिन्ह वाचतं, हवं तर बदलतं आणि एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकतं. काय दिसलं तर काय करायचं, याचा तक्ता ठरलेला असतो. बेरजेचा तक्ता वेगळा, गुणाकाराचा वेगळा. म्हणजे प्रत्येक कामाला नवं यंत्र. इथपर्यंत सोपं आहे.

खरी उडी पुढे आहे. त्याच्या लक्षात आलं की तक्ता हीसुद्धा शेवटी चिन्हंच आहेत, म्हणजे तोही पट्टीवर लिहिता येईल. मग एकच असं यंत्र आखता येतं, जे दुसऱ्या यंत्राचा तक्ता पट्टीवरून वाचेल आणि हुबेहूब त्याच्यासारखं वागेल. कोणत्याही यंत्रासारखं. तुमच्या फोनमध्ये ॲप टाकलं की फोन कधी कॅल्क्युलेटर होतो, कधी रेडिओ. आतलं हार्डवेअर तेच राहतं, बदलतं ते फक्त लिहिलेलं.

(मूळ प्रश्नाचं तेच उत्तर अमेरिकेत अलोन्झो चर्च यांनी वेगळ्या वाटेने थोडं आधी काढलं होतं. ट्युरिंगने पुढे त्यांच्याच हाताखाली प्रिन्स्टनला पीएचडी केली, १९३८ मध्ये.)

मग युद्ध सुरू झालं. ४ सप्टेंबर १९३९ ला ट्युरिंग ब्लेचली पार्कला रुजू झाला. जर्मन सैन्याचे निरोप एनिग्मा नावाच्या यंत्राने गुप्त केले जायचे आणि त्याची मांडणी रोज बदलायची. पोलंडच्या गणितज्ञांनी आधी बरीच वाट काढून ठेवली होती. त्यावर पुढे जात ट्युरिंगने बॉम्ब नावाचं यंत्र आखलं, गॉर्डन वेल्चमनने त्यात मोठी सुधारणा केली. साधारण एक टन वजनाच्या या कपाटात ३६ एनिग्मांच्या नकला एकत्र फिरायच्या आणि कोणती मांडणी जुळू शकते ते शोधायच्या. खरं यंत्र शत्रूकडे, त्याची नक्कल आपल्याकडे, आणि सगळ्या शक्यता त्या नकलेवर तपासायच्या. मी विंडोज ७ चौकटीत उघडून तेच तर करत होतो. फरक एवढाच की बॉम्बला हे एकच काम यायचं.

सगळी कामं करणारं खरं यंत्र बनवायची योजना त्याने युद्धानंतर लंडनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत लिहिली, नाव एसीई. सरकारी काम रखडत गेलं, ट्युरिंग कंटाळला आणि १९४८ मध्ये मँचेस्टरला निघून गेला. त्याच काळात तो मॅरेथॉनही पळायचा, १९४७ मध्ये २ तास ४६ मिनिटांत! एसीईची छोटी आवृत्ती अखेर मे १९५० मध्ये चालली.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र बुद्धिबळाची. डेव्हिड चँपरनाउन या मित्रासोबत त्याने बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहिला, पण तो चालवू शकेल असं मशीनच हाताशी नव्हतं. मग १९५२ मध्ये ट्युरिंग स्वतःच कॉम्प्युटर झाला. ॲलिक ग्लेनी समोर बसला, आणि प्रत्येक चालीला ट्युरिंग कागदावरचे नियम ओळीने लावत राहिला. एका चालीला अर्धा अर्धा तास. प्रोग्राम हरला. पण चालला तर खरा!

त्याच वर्षी एका पुरुषाशी संबंध ठेवल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला. इंग्लंडमध्ये तेव्हा तो गुन्हा होता. तुरुंग नाही तर हार्मोनचे उपचार, एवढेच पर्याय होते. त्याने उपचार घेतले. गुप्त सरकारी कामाची परवानगीही गेली. ज्याने देशासाठी एनिग्मा फोडलं त्याच्याशी देश असा वागला, आणि ते काम गुप्त असल्याने लोकांना सांगायचीही सोय नव्हती. ७ जून १९५४ ला सायनाइडने त्याचा मृत्यू झाला. वय ४१. चौकशीत आत्महत्या ठरली, आईला मात्र तो अपघातच वाटत राहिला. ब्रिटिश पंतप्रधानांनी माफी मागितली २००९ मध्ये, शाही माफी आली २०१३ मध्ये, आणि २०२१ पासून ५० पौंडांच्या नोटेवर त्याचा चेहरा आहे.

एका कॉम्प्युटरमध्ये अनेक कॉम्प्युटर चालवायचं काम १९६० च्या दशकात आयबीएमच्या इंजिनिअर्सनी मोठ्या मशीनवर करून दाखवलं. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने ते साध्या पीसीवर आणलं. एक मात्र सांगायला हवं: व्हर्च्युअलबॉक्स बहुतेक सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालू देतो आणि नाजूक तेवढ्या मध्ये अडवतो, म्हणून वेग मिळतो. पूर्ण वेगळ्या प्रोसेसरची नक्कल करणारा एमुलेटर प्रत्येक सूचनेचं भाषांतर करतो. तो ट्युरिंगच्या पट्टीच्या जास्त जवळचा, आणि म्हणूनच हळू.

माझ्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपमधून २ जीबी त्या विंडोजला दिली होती. पंखा जोरात फिरत होता. फॉर्म उघडला, सबमिट दाबलं, काहीच झालं नाही. काकांना दिसलं तेच अखेर मलाही दिसलं. जावास्क्रिप्टमध्ये मी ॲरो फंक्शन वापरलं होतं. इंटरनेट एक्सप्लोरर ११ ला ते वाचताच येत नाही, त्यामुळे अख्खी फाइलच बंद पडायची. जुन्या पद्धतीने फंक्शन लिहिलं, पाच मिनिटांचं काम. मग कॅफेवाल्या दादांना फोन करून काकांना निरोप द्यायला सांगितलं, आणि या वेळी बसचं भाडं मी दिलं.