रडार शिकलेली रुबी

भाचीनं कॉम्प्युटरची पदवी घेतली आणि नोकरी लागली ती रडारच्या कामात. शिनोलीत आमच्या आळीभर पेढे वाटले. रात्री मात्र ती चेहरा पाडून माझ्याजवळ येऊन बसली. मावशी, प्रोग्रॅम लिहिता येतो गं, पण लहरी, अँटेना, जॅमिंग यातलं ओ की ठो कळत नाही, असं तिचं रडगाणं. त्यात एका स्थळाची अट, लग्नानंतर नोकरी नको.

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. तिला रुबी पेन-स्कॉटची गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगते.

रुबी १९१२ साली ऑस्ट्रेलियातल्या ग्राफ्टनला जन्मली. सिडनी विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकली. पण त्या काळी बाईला असं काम कोण देणार? तिनं कर्करोग संशोधनात काम केलं, शाळेत शिकवलं, मग एका वायरलेस कंपनीत लागली, तीही ग्रंथपाल म्हणून! तिथूनच ती मोजमापाच्या प्रयोगशाळेत शिरली. १९४१ मध्ये, ऐन महायुद्धात, सरकारी रेडिओफिजिक्स प्रयोगशाळेत गुप्तपणे रडारवर काम चाललं होतं. तिथं तिला घेतलं.

रडार म्हणजे काय? विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो ना, तसंच. रेडिओलहरींचा एक ठोका सोडायचा आणि तो विमानावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते. सेकंदाच्या हजाराव्या भागात परत आली, तर विमान दीडशे किलोमीटरवर. जाणं-येणं दोन्ही धरायचं, म्हणून निम्मं. इथपर्यंत सातवीच्या पोरालाही जमेल.

पण परतलेली लहर इतकी क्षीण असते, की यंत्राच्या स्वतःच्या खरखरीत हरवते. वर शत्रू मुद्दाम खरखर सोडतो, त्यालाच जॅमिंग म्हणतात. १९४३ मध्ये इंग्रजांनी विमानांतून धातूच्या वर्खाच्या पट्ट्या उधळून जर्मन रडार आंधळं केलं होतं. त्या युक्तीच्या प्रयोगांतही जोन करन नावाची बाई होती बरं का! रुबीचा प्रांत उलटा. पडद्यावरच्या गोंधळात खरा ठिपका ओळखायचा कसा, हे ती गणितानं सोडवायची.

युद्ध संपल्यावर तीच विद्या तिनं सूर्याकडे वळवली. १९४६ च्या जानेवारीत सिडनीच्या समुद्रकड्यावरच्या रडार अँटेनानं, सूर्यावरच्या डागांच्या भागातून येणाऱ्या लहरी तिनं आणि सहकाऱ्यांनी टिपल्या. लहरींच्या नोंदी गणितानं जोडून आकाशाचं चित्र काढता येईल, हेही त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. आपल्या खोडदची दुर्बीण याच विचारावर चालते. तीस तबकड्या, आणि त्यांच्या नोंदी जोडायचं काम कॉम्प्युटरचं. इथं भाचीचे डोळे चमकले. लहर आत आली की तिचे आकडेच होतात, मग पुढं राज्य कुणाचं?

आणखी एक धागा. सिडनीत पॉट्स हिलला रुबी काम करायची. तिथंच तिच्या सहकाऱ्यानं बसवलेल्या ३२ छोट्या तबकड्या गोविंद स्वरूप यांनी मागून घेतल्या आणि १९६५ मध्ये त्यांची दुर्बीण आपल्या कल्याणला उभी राहिली. खोडदची दुर्बीणही त्यांनीच उभारली.

आणि रुबीचं काय झालं? १९४४ मध्ये तिनं बिल हॉलशी लग्न केलं, पण गुपचूप. कारण लग्न झालं की सरकारी खात्यात बाईची कायम नोकरी संपली, असा नियमच होता. सहा वर्षं तिनं लपवलं. इतकी हुशार बाई, आणि स्वतःचं कुंकू लपवतेय! १९५० मध्ये बिंग फुटलं. कायम पद गेलं, पेन्शन गेलं. तात्पुरती म्हणून ठेवली, पण पुढच्या वर्षी दिवस गेले आणि बाळंतपणाची रजा कुठली? ती घरी बसली. पुढं १९६३ पासून मिसेस हॉल या नावानं शाळेत शिकवू लागली. तो नियम १९६६ मध्ये रद्द झाला. १९८१ मध्ये ती गेली. मुलगा पीटर मोठा संख्याशास्त्रज्ञ झाला, मुलगी फिओना नामवंत चित्र-शिल्पकार.

भाची बराच वेळ गप्प होती. सकाळी उठून पाहते तर स्वयंपाकघरात माझ्या बहिणीला ती हीच गोष्ट सांगत होती, पेन्शन गेलं तिथून सुरुवात करून. पाहुण्यांना काय कळवायचं ते मायलेकींनी ठरवलं. मी चहा टाकला.