चेतापेशींचा चित्रकार

स्पेन देशाच्या उत्तर भागात पेतिया नावाचे एक लहानसे डोंगराळ खेडे आहे. तेथे १ मे १८५२ रोजी सांतियागो रामोन इ काहाल यांचा जन्म झाला. त्यांचे वडील खेडोपाडी शस्त्रवैद्याचा व्यवसाय करीत. मोठ्या कष्टाने विद्या मिळविलेली असल्यामुळे त्यांची शिस्त फार कडक होती.

सांतियागोला लहानपणापासून चित्रकलेचे विलक्षण वेड होते. कागद मिळाला तर कागदावर, नाही तर भिंतीवर, त्याचा हात सदैव चालूच असे. वडिलांना हा छंद मुळीच पसंत नव्हता. मुलाने वैद्य व्हावे, एवढीच त्यांची इच्छा होती. एकदा त्यांनी सांतियागोचे एक चित्र गावात आलेल्या एका रंगाऱ्याला दाखविले. मुलाच्या अंगी कलेचा अंशही नाही, असा निकाल त्याने दिला. झाले! त्या दिवसापासून घरात रंग आणि कुंचला यांना बंदी झाली.

मन मारलेला मुलगा खोड्यांकडे वळला. अकरा वर्षांचा असताना त्याने स्वतः तोफ तयार करून शेजाऱ्याच्या बागेचे फाटक उडवून दिले आणि त्यापायी त्याला काही दिवस कोठडीची हवा खावी लागली. शाळेतही त्याचे लक्ष लागेना. तेव्हा वडिलांनी त्याला काही काळ न्हाव्याच्या हाताखाली आणि नंतर चांभाराच्या हाताखाली कामाला ठेवले. पुढे १८६८ च्या उन्हाळ्यात त्यांनी एक निराळाच उपाय योजिला. मुलाला जुन्या स्मशानभूमीत नेऊन ते तेथील हाडे दाखवीत त्याला शरीररचना शिकवू लागले. सांतियागो ती हाडे चितारू लागला आणि चितारता चितारता शिकू लागला. ज्या हाताला बंदी झाली होती, तोच हात आता विद्येच्या कामी आला.

१८७३ साली सारागोसा येथे काहाल वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण झाले. लष्करी वैद्य म्हणून त्यांना क्यूबा बेटावर जावे लागले. तेथील दलदलीच्या प्रदेशात हिवतापाने त्यांना इतके ग्रासले की, १८७५ साली ते केवळ हाडांचा सापळा होऊन मायदेशी परतले. मात्र शिलकीत टाकलेल्या पगारातून त्यांनी एक सूक्ष्मदर्शक यंत्र विकत घेतले. १८८५ साली पटकीची साथ आली असता त्यांनी केलेल्या संशोधनाबद्दल सारागोसाच्या प्रांतिक शासनाने त्यांना एक उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिला. हाच पुढे त्यांचा जिवाभावाचा सोबती झाला.

त्या काळी मेंदूची रचना हे विद्वानांना पडलेले एक मोठे कोडे होते. मेंदूतील तंतू एकमेकांत इतके गुंतलेले दिसत की, सारा मेंदू म्हणजे एकच सलग जाळे आहे, असे पुष्कळ पंडित मानीत. कामिलो गॉल्जी या इटालियन शास्त्रज्ञानेही हेच मत उचलून धरले होते. १८७३ साली गॉल्जी यांनी चांदीच्या क्षारांनी मेंदूचे काप रंगविण्याची एक युक्ती शोधून काढली होती. तिने हजारो पेशींपैकी मोजक्याच पेशी रंगत. पण ज्या रंगत, त्या शेंड्यापासून मुळापर्यंत काळ्याभोर उमटत. १८८७ साली माद्रिद येथे सिमार्रो या वैद्याच्या घरी काहाल यांनी असे काप प्रथम पाहिले आणि ते थक्क झाले.

त्यांनी या युक्तीत सुधारणा केली. घनदाट जुन्या अरण्यात वाट सापडत नाही. पण नुकत्याच लावलेल्या रोपांच्या वाफ्यात प्रत्येक रोप वेगळे दिसते. म्हणून त्यांनी पक्ष्यांच्या व प्राण्यांच्या पिलांचे आणि गर्भांचे मेंदू तपासले. तेव्हा प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असून तिच्या शाखा दुसरीच्या केवळ जवळ येतात, तिच्यात मिसळून जात नाहीत, हे त्यांना स्पष्ट दिसले. हे शोध जगापुढे मांडण्यासाठी १८८८ साली त्यांनी पदरमोड करून एक नियतकालिक काढले. त्याच्या पहिल्या अंकाच्या अवघ्या ६० प्रती निघाल्या. स्पॅनिश भाषेतील हे लेखन वाचणार कोण? मग १८८९ साली काहाल आपले काप घेऊन स्वखर्चाने बर्लिनच्या शास्त्रज्ञ परिषदेला गेले. मोडक्यातोडक्या फ्रेंच भाषेत ते एकेकाला विनवून आपल्या सूक्ष्मदर्शकाशी आणीत होते. वयाची सत्तरी ओलांडलेले थोर स्विस शास्त्रज्ञ कोलिकर यांनी ते काप पाहिले आणि स्वतःचे जुने मत सोडून ते काहाल यांचे समर्थक बनले.

त्यानंतर काहाल यांनी घ्राणेंद्रियाचा अभ्यास केला. मोगऱ्याचा वास नाकाशी आला की त्याची वार्ता मेंदूकडे जाते, ती कशी? नाकातील चेतापेशींचे तंतू मेंदूच्या तळाशी, पुढच्या बाजूस असलेल्या एका लहान कंदात शिरतात. या घ्राणकंदात त्यांची दुसऱ्या पेशींच्या शाखांशी गोलाकार गुच्छांत गाठ पडते आणि त्या पेशी वार्ता पुढे नेतात. एका हरकाऱ्याने थैली दुसऱ्याच्या हाती द्यावी, तसाच हा प्रकार होय. वार्ता नाकाकडून मेंदूकडेच जाणार, हे उघड असल्यामुळे चेतापेशीच्या कोणत्या शाखा वार्ता घेतात आणि कोणती शाखा ती देते, हे काहाल यांना ठरविता आले.

१९०६ साली काहाल आणि गॉल्जी यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्या समारंभातील व्याख्यानातही गॉल्जी यांनी काहाल यांच्या मताला विरोधच केला. पुढे १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन पेशींमधील फट प्रत्यक्ष दाखविली आणि हा वाद कायमचा मिटला.

काहाल यांनी अनेक शिष्य घडविले. त्यांपैकी पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ साली मेंदूतील एक निराळ्या, चिमुकल्या पेशी ओळखल्या व त्यांना मायक्रोग्लिया हे नाव दिले. गुरूंना शिष्याचे सगळेच निष्कर्ष पटले नाहीत. पुढे दोघांत बेबनाव झाला आणि १९२० साली शिष्याला प्रयोगशाळा सोडावी लागली. जुन्या मताशी झगडून पुढे आलेल्या या थोर पुरुषालाही नवे मत स्वीकारणे जड गेले! काळाने मात्र शिष्याच्या बाजूने कौल दिला.

मायक्रोग्लिया हे मेंदूचे पहारेकरीही आहेत आणि झाडूवालेही. ते रोगजंतूंशी लढतात व मृत पेशींचा केरकचरा दूर करतात. परंतु त्यांची ही लढाई दीर्घकाळ थांबलीच नाही, तर मेंदूत दाह टिकून राहतो आणि निरोगी चेतापेशींनाही इजा पोहोचते. पार्किन्सनचा कंपवात आणि अल्झायमरचा स्मृतिभ्रंश या विकारांत असा दाह आढळतो. कंपवाताच्या अनेक रुग्णांचा वास घेण्याची शक्ती तर हात कापू लागण्याच्या कित्येक वर्षे आधीच मंदावते. अर्थात, पडशानेही वास येईनासा होतो. म्हणून त्यावरून लगेच भिण्याचे कारण नाही. मात्र या विकारांची चाहूल लवकर लागावी, म्हणून आजचे शास्त्रज्ञ घ्राणकंद आणि मायक्रोग्लिया यांचा कसून अभ्यास करीत आहेत.

१७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे काहाल यांचे निधन झाले. त्यांनी स्वतःच्या हाताने काढलेली चेतापेशींची चित्रे विद्यार्थी आजही अभ्यासतात. एका रंगाऱ्याने कवडीमोल ठरविलेल्या त्या हाताने माणसाला त्याच्या मेंदूचे खरे रूप दाखविले.