प्रश्न विचारणारा शागीर्द, प्रश्न ऐकणारा उस्ताद

रमजानच्या दिवसांत इस्लामी इतिहासातल्या ज्ञानपरंपरेची चर्चा निघाली की अब्बासी खलिफांचे बगदाद हमखास आठवते. त्या बगदादमधले सर्वांत नावाजलेले अनुवादक मात्र ख्रिस्ती होते. हुनैन इब्न इसहाक त्यांचे नाव. जन्म इ.स. ८०९च्या सुमाराचा, आजच्या इराकमधील हीरा या गावचा. वडील औषधे विकत.

वैद्यक शिकण्यासाठी हुनैन बगदादला यूहन्ना इब्न मासवैह या नामवंत हकिमांकडे गेले. उस्ताद विद्वान होते, पण तापट. हुनैन मात्र सतत शंका विचारत. एके दिवशी उस्तादांचा संयम सुटला. हीरावाल्यांना वैद्यकी झेपणार नाही, त्यांनी बाजारात नाणी बदलत बसावे, असे सुनावून त्यांनी या तरुणाला घालवून दिले. त्या दर्सगाहीत पुन्हा एवढे प्रश्न विचारायला कोण धजावले असेल?

हुनैन काही वर्षे बगदादबाहेर राहिले. परतले ते ग्रीक भाषेत पारंगत होऊनच. पुढे यूहन्नांनीच समेट केला आणि जालीनूस, म्हणजे गेलेन या ग्रीक वैद्याचे ग्रंथ भाषांतरित करण्याचे काम त्यांच्याकडे दिले. हुनैन यांनी जुना राग धरला नाही. ते काम त्यांनी मनापासून केले.

पुढे हुनैन स्वतः उस्ताद झाले. मुलगा इसहाक, भाचा हुबैश आणि इतर शागीर्द त्यांच्या हाताखाली काम करू लागले. बहुतेकदा हुनैन ग्रीकमधून सुरयानीत अनुवाद करत आणि हुबैश त्यावरून अरबीत. काम असे हातोहात पुढे जात असताना एकाची चूक दुसऱ्याच्या पानावर उतरणार, हे उघड होते. शिवाय ग्रंथ वैद्यकाचे. औषधाचे नाव चुकले तर भोगणार रोगी.

अशा ठिकाणी शागिर्दाने उस्तादाची चूक दाखवावी की गप्प बसावे? हुनैन यांनी विशीत जालीनूसचा एक ग्रंथ सदोष हस्तलिखितावरून भाषांतरित केला होता. ते चाळिशीला आले तेव्हा हुबैशने तो दुरुस्त करण्याची विनंती केली. तोवर त्या ग्रंथाची अनेक ग्रीक हस्तलिखिते जमली होती. हुनैन यांनी ती ताडून आधी एक शुद्ध प्रत सिद्ध केली आणि मग आपलाच जुना अनुवाद ओळीओळीने तपासून सुधारला. ही हकिकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली, शागिर्दाच्या नावासह.

ज्या पत्रात ही नोंद आहे, त्यात जालीनूसच्या १२९ ग्रंथांची यादी आहे. कोणता अनुवाद कोणी केला, कोणासाठी केला, तो कितपत उतरला, हे सारे त्यात येते. इतरांच्या उणिवा दाखवताना त्यांनी स्वतःलाही सूट दिली नाही. विशेष म्हणजे तोवर त्यांचा सगळा ग्रंथसंग्रह हातातून गेला होता. यादी लिहिली ती आठवणीतून.

हीच रीत पुढच्या पिढीत टिकली. इसहाकने युक्लिडच्या भूमितीचा अरबी अनुवाद केला. तो हर्रानच्या साबी पंथाचे गणिती साबित इब्न कुर्रा यांनी सुधारला. बापलेक ख्रिस्ती, तपासणारा साबी, आश्रय देणारे अनेक जण मुसलमान. धर्म वेगळे असले तरी चूक दाखवणे म्हणजे अपमान, असे कोणी मानले नाही.

हुनैन इ.स. ८७३मध्ये वारले. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले त्यांचे एक पुस्तक अपुरे राहिले होते, ते हुबैशने पूर्ण केले. लॅटिनमध्ये गेल्यावर ते युरोपातल्या वैद्यकशाळांत कित्येक शतके शिकवले गेले. ते सगळे पुस्तक प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. ज्याला प्रश्न विचारल्याबद्दल हाकलले, त्याच्या पुस्तकात विद्यार्थ्याला पहिल्या पानापासून प्रश्नच भेटत राहिले.