शिल्लक कोणाची? : नामदार गोखले ह्यांचे चरित्र

अंकगणिताचा तास पुष्कळ विद्यार्थ्यांस रुक्ष वाटतो. नफातोटा आणि जमाखर्च ही उदाहरणे परीक्षेपुरती सोडवावयाची, अशी त्यांची समजूत असते. ती दूर व्हावी म्हणून नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

गोखल्यांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. 1879 साली वडील वारले. तेव्हा थोरले बंधू गोविंदराव ह्यांनी आपले शिक्षण सोडून दरमहा 15 रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील 8 रुपये ते धाकट्या भावास पाठवू लागले. ज्याचे शिक्षण अशा रीतीने भावाच्या घासातून चालते, त्यास पैची किंमत निराळी शिकवावी लागत नाही. 1884 साली बी. ए. होऊन गोखले पुण्यास शिक्षक झाले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून पुष्कळ वर्षे चालले.

अर्थशास्त्रात त्यांचे गुरू न्यायमूर्ती रानडे. हे 1879 साली आमच्या खानदेशात, धुळे येथे, न्यायाधीश होते. त्यांच्या हाताखाली सरकारी अहवालांतील आकडे पडताळून टिपणे काढण्याचा अभ्यास गोखल्यांनी वर्षानुवर्षे केला.

ह्या अभ्यासाची कसोटी 26 मार्च 1902 रोजी कलकत्त्यास वरिष्ठ कायदे कौन्सिलात लागली. अंदाजपत्रकात सुमारे 7 कोटी रुपयांची शिल्लक दाखविली होती. सर्वत्र अभिनंदन चालले असता गोखल्यांनी त्यात सामील होण्याचे नाकारले. खानदेशासह पुष्कळ मुलखाने 1899-1900 चा दुष्काळ नुकताच सोसला होता. रयत उपाशी असता खजिना भरला कसा?

उत्तर साध्या त्रैराशिकात होते. एका पौंडाचे पेन्स 240. रुपयाचा भाव 13 पेन्स असताना विलायतेस एक पौंड पाठविण्यास सुमारे साडेअठरा रुपये लागत. पुढे भाव 16 पेन्स झाला, तेव्हा 15 रुपये पुरू लागले. पौंडामागे साडेतीन रुपये वाचले. परंतु पडत्या भावाच्या काळात चढविलेले कर मात्र तसेच राहिले. सबब ती शिल्लक सुबत्तेची नसून जादा वसुलीची होती.

मिठाचाच कर पाहा. 1888 पासून तो मणास अडीच रुपये, म्हणजे 40 आणे होता. मणाचे शेर 40, म्हणून शेरामागे एक आणा. श्रीमंतास तो जाणवत नसे. मजुराच्या भाकरीस मात्र तो रोज लागे. गोखल्यांनी व इतरांनी हे वारंवार मांडले. 1903 साली हा कर 2 रुपये, 1905 साली दीड रुपया व 1907 साली 1 रुपया झाला.

सर्वच प्रयत्नांस यश आले नाही. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यासाठी 1911 साली त्यांनी मांडलेले विधेयक पुढील वर्षी 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. 19 फेब्रुवारी 1915 रोजी, वयाच्या अवघ्या 48 व्या वर्षी, ते निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, नंदुरबारच्या बाजारात वडिलांबरोबर मिरची विकावयास जाल, तेव्हा हमाली व उचल वजा करून हाती काय येते ते स्वतः मांडून पाहा. बेरीज बरोबर आली म्हणजे हिशेब संपला असे नव्हे. शिल्लक कोणाच्या घामातून आली हेही विचारावयाचे असते. गोखले आयुष्यभर तेच विचारीत राहिले.