मनोरुग्णांच्या व्यथेला वाचा फोडणारे क्लिफर्ड बिअर्स

मानसिक आजारातून बरे झालेल्या व्यक्तीने आपला पूर्वेतिहास झाकून ठेवावा, अशीच विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकी समाजाची अपेक्षा होती. क्लिफर्ड बिअर्स यांनी मात्र आपल्या आजाराची हकिकत स्वतःच्या नावानिशी प्रसिद्ध केली आणि तिच्यातूनच मानसिक आरोग्याची मोठी चळवळ उभी राहिली.

बिअर्स यांचा जन्म ३० मार्च १८७६ रोजी कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे झाला. त्यांच्या थोरल्या भावाला फेफऱ्याचा विकार जडला होता. तोच आजार आपल्यालाही होणार, या भीतीने विद्यार्थिदशेपासूनच त्यांचे मन पोखरले. १८९७ मध्ये येल विद्यापीठातून पदवी घेऊन त्यांनी नोकरी धरली. परंतु १९०० साली या भीतीने गाठलेल्या टोकाला त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. त्यातून ते बचावले. पुढील सुमारे तीन वर्षांचा बहुतेक काळ दोन खासगी व एका सरकारी मनोरुग्णालयात गेला.

भेटीस येणारे आप्त हे खरे नसून त्यांचे सोंग घेतलेले गुप्तहेर आहेत, असा बिअर्स यांचा ठाम समज झाला होता. अखेर ऑगस्ट १९०२ मध्ये त्यांनी एका सहरुग्णाच्या मदतीने भावाला पत्र पाठवले आणि भेटीस येताना तेच पत्र सोबत आणण्यास सांगितले. भाऊ ते पत्र घेऊन आला आणि दोन वर्षांचा भ्रम ओसरला. मात्र निराशेची जागा आता अनावर उत्साहाने घेतली. या अवस्थेत हात जखडणारा अंगरखा, थंड कोठडी आणि सेवकांची मारहाण यांचा अनुभव त्यांना आला.

सप्टेंबर १९०३ मध्ये ते घरी परतले आणि पुन्हा नोकरी करू लागले. हे अनुभव लिहून काढावेत, या विचाराने १९०५ च्या प्रारंभी त्यांचे मन पुन्हा उत्तेजित झाले, तेव्हा ते स्वेच्छेने काही काळ रुग्णालयात दाखल झाले. लिखाण हाती घेतल्यावर त्यांनी हस्तलिखित जाणकारांना दाखवले. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी त्याची प्रशंसा केली, तर मनोविकारतज्ज्ञ अॅडॉल्फ मायर यांनी या कार्याला दिशा दिली. ‘अ माईंड दॅट फाऊंड इटसेल्फ’ हे आत्मकथन १९०८ मध्ये प्रकाशित झाले. केवळ संतापाला वाट करून देणे हा त्याचा हेतू नव्हता. रुग्णांना माणुसकीची वागणूक मिळावी, ही त्यामागील तळमळ होती.

त्याच वर्षी कनेक्टिकटमध्ये आणि १९०९ मध्ये राष्ट्रीय पातळीवर मानसिक आरोग्याची संघटना स्थापन झाली. १९१३ मध्ये न्यू हेवन येथे रुग्णाला दाखल न करता उपचार देणारे केंद्र सुरू झाले. १९३० मध्ये वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. दरम्यान, भारतातही १९२० च्या दशकाच्या अखेरीस रांची येथील डॉ. ओवेन बर्कली-हिल यांच्या पुढाकाराने अशी संघटना आकारास आली होती.

उत्तरायुष्यात आजाराने बिअर्स यांना पुन्हा गाठले. १९३९ मध्ये ते रुग्णालयात दाखल झाले आणि ९ जुलै १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी स्थापन केलेल्या राष्ट्रीय संघटनेची वारसदार संस्था ‘मेंटल हेल्थ अमेरिका’ या नावाने कार्यरत आहे. स्वतःला कायमची व्याधिमुक्ती लाभली नाही, तरी रुग्णाची साक्ष ऐकून घेण्यास त्यांनी समाजाला भाग पाडले.